पोकळ बोल्ट

५ जानेवारी

भिंगरी,

पत्र वर्कशॉपच्या पत्त्यावर पाठव, घरी नको. घरी आलं की तुझी आई, म्हणजे आमची आक्का, पाकीट उजेडात धरूनच अर्धं वाचते. फोनचं तर विचारूच नकोस. तुझा फोन आला की ती स्पीकर लावते आणि माझ्या तोंडाकडे बघत बसते. म्हणून हा कागदी उद्योग. पन्नाशी उलटलेला भाऊ डब्या लपवत हिंडतो हे तिला कळलं तर रोज ताटात भाजीबरोबर एक टोमणा वाढला जाईल.

तू नोकरीवर गेलीस की हा खेळ सुटेल असं वाटलं होतं, पण तो सुटला नाही. मला अजून नवल वाटतं. मी इथे एक डबी लपवायची, तू तिकडे बसून जागेचे आकडे साइटवर टाकायचे, आणि अनोळखी माणसं फोनमधला नकाशा बघत इथवर यायची, चिठ्ठीवर सही करायची आणि डबी होती तिथे ठेवून जायची. कोणाला काही मिळत नाही, तरी येतात. पण आपल्या भागात लपवायचं तरी कुठे? डोंगर नाही, जुनी इमारत नाही, धड झाडही नाही. गोदामं, ट्रक, कालवा, पाण्याची टाकी, पुन्हा गोदामं. मग मी लोक ज्या गोष्टींकडे बघतच नाहीत त्या धरल्या. गोदामाच्या भिंतीवर एक जादा सूचनेची पाटी लावली, डबी तिच्या मागे. बसथांब्याच्या बाकाखाली चघळलेल्या च्युइंगमसारखी दिसणारी डबी चिकटवली, तिला तर कोणी बोट लावत नाही. परवा वॉचमनने विचारलं काय शोधताय, मी म्हणालो चष्मा हरवला, आणि चष्मा माझ्या नाकावर होता.

आता खरी बातमी. कालव्यावरचा पायपूल आठवतो ना, ज्याच्या पलीकडे आक्काचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे? त्याच्या कठड्याचा प्रत्येक खांब पायाशी चार बोल्टांनी आवळलेला आहे. मधल्या एका खांबाला मात्र तीनच. चौथं भोक रिकामं, बांधणारेच विसरले असणार. मी वर्कशॉपच्या लेथ मशीनवर बाकीच्यांसारखा एक बोल्ट केला, पण आतून पोकळ. डोकं दोन बोटांनी फिरवलं की निघतं, आत चिठ्ठीची सुरळी. लोहचुंबकाचा तुकडा घातलाय, म्हणून भोकात घट्ट बसतो. बसवून मागे सरलो तर माझा मलाच ओळखू येईना. बसवताना खाली पाणी दिसत होतं, म्हणून मान वळवून नुसता चाचपत बसवला. तुला माहीत आहे, मी गॅलरीतल्या कुंड्यांनासुद्धा आतूनच पाणी घालतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काला दुकानापर्यंत सोडायला गेलो. पुलाच्या मध्यावर नेहमीप्रमाणे तिचा गुडघा धरला आणि ती सगळा भार कठड्यावर टाकून उभी राहिली. नेमकी त्याच खांबाशी. तिच्या चपलेपासून वीतभर अंतरावर माझा बोल्ट. मला हसू आवरेना, तर म्हणाली, बावळटासारखा काय उभा आहेस.

आकडे मागच्या पानावर लिहिलेत. साइटवर छान शब्दांत टाक.

तुझा मामा


१९ जानेवारी

माननीय भागूबाई,

दचकू नकोस, साइटवर तुझं नाव आता तेच आहे. आई तुला जन्मभर भित्री भागूबाई म्हणत आली, मला दुसरं सुचेना. सगळ्यांना वाटतं तू एक वयस्कर, खट्याळ बाई आहेस. एकाने तर तुला काकू म्हटलंय.

पुलाची जागा टाकली. अवघडपणा पाचपैकी पाच. सोबत शोधणाऱ्यांसाठी एक खुणेचा इशारा द्यावा लागतो, तो मी असा दिला: "डोळ्यांनी दिसणार नाही. हात लावून बघा. सगळे घट्ट आहेत, एकच फिरतो." कसा वाटला? दहा-बारा जण येऊन हात हलवत गेले. एकाने लिहिलंय की एवढ्या रटाळ भागात इतकं डोकं चालवणारं कोण राहतं. मी इथे नर्सेसच्या खोलीत ते मोठ्याने वाचून दाखवलं. तुझ्यासारखा माणूस, जो लिफ्टमध्ये शिरताना डोळे मिटतो, तो सगळ्यांना चकवतोय याचा मला फार आनंद होतो.

नवीन जागा शोधत राहा. आणि घाबरू नकोस, कोणी पकडत नाही.

भिंगरी


१७ फेब्रुवारी

भिंगरी,

मला भीती वाटते. हसू नकोस, आधी पूर्ण वाच.

काल जेवणाच्या सुट्टीत पुलावर गेलो होतो. दोन माणसं आणि एक बाई कठड्यापाशी उकिडवी बसली होती. शेजारी पिशवी, पिशवीत पाने. खायची नव्हेत, नट आवळायचे. माझ्या बोल्टाला पाना लागत नाही, पण माझा कुठला हे त्यांना कुठे ठाऊक? त्यांनी पहिल्या खांबापासून सुरुवात केली होती आणि जो बोल्ट हाताने फिरत नव्हता तो पान्याने फिरवून बघत होती. तुझ्या इशाऱ्यात लिहिलंय ना, एक फिरतो. पान्याने कुठलाही फिरतो.

त्यांना सांगायला म्हणून पुढे झालो, पण नुसता खाकरून पुढे निघून आलो. ती गेल्यावर माझा पाना घेऊन परत गेलो. काही बोल्ट हाताने हलत होते. एका खांबाचा नट तर खाली पट्टीवर पडलेला मिळाला. जमतील तेवढे आवळले. मग एक गृहस्थ थांबून बघायला लागले, तेव्हा पाना शर्टात घालून घरी आलो.

रात्रभर डोळ्यांसमोर तो नट होता. आक्काच्या गुडघ्याचं तुला माहीत आहे. ती जेव्हा टेकते तेव्हा पूर्ण टेकते, अर्धं काही करण्याचा तिचा स्वभावच नाही. ही जागा साइटवरून काढून टाक. तू काढलीस की मी बोल्टही काढून आणतो.

लोक काय लिहितात ते मात्र कळव. नाही, राहू दे, उगाच विचारलं.

मामा


२६ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र वाचलं आणि तुझी आठवण येऊन खरंच हसले, रागावू नकोस. गिझर फुटेल म्हणून तू एक अख्खा हिवाळा थंड पाण्याने अंघोळ केलीस. शेजारच्यांचं कुत्रं आजारी होतं तेव्हाही तू लांबून वळसा घालत होतास. माझ्या शाळेची सहल निघाली तेव्हा बसचे टायर तू स्वतः दाबून पाहिलेस आणि ड्रायव्हर तुझ्यावर ओरडला. लोखंडी पूल आहे तो, चार हौशी माणसांनी हात लावून काय होणार?

जागा काढत नाही. ती काढली तर लोक मला शिव्या देतील. शंभरेक किलोमीटरच्या परिसरात तिला सगळ्यांत जास्त पसंती आहे. पंधरा मार्चच्या रविवारी सकाळी पुलावर मंडळी जमणार आहेत, दुसऱ्या शहरांतूनसुद्धा. लोक काय लिहितात विचारलंस ना, मग घे. "गुडघे टेकले, शब्दशः." "तिसऱ्या खेपेला सापडला, आनंदाने ओरडलो." आणि हे तुला फार आवडेल: "भागूबाईंना आमचा नमस्कार. त्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन आम्हीही याच पुलावर दोन बसवलेत. काकू, आता तुम्ही शोधून दाखवा."

बघ, तुझे चेले तयार झाले. गुरुदक्षिणा माग.

भिंगरी


४ मार्च

भिंगरी,

तुझं पत्र वर्कशॉपच्या दारातच उघडलं. चेल्यांच्या वाक्यापाशी आलो आणि तेच तीनदा वाचलं. लेथ चालू होता तो बंद करायचंसुद्धा सुचेना.

पुलावर रिकामं भोक एकच होतं, ते मी भरलं. मग ह्यांनी आपले बोल्ट बसवले कुठे?

तसाच पळत गेलो. माझ्या बोल्टाच्या शेजारचा हातात धरला तर तो बोटांनी फिरला. डोकं निघालं, आत चिठ्ठी. तो लोखंडाचा नाहीच, प्लास्टिकचा आहे, वरून रंग दिलेला. खरा बोल्ट काढून त्या जागी खेळणं लावलंय. त्याच खांबाचा तिसराही तसाच. माझा धरून तीन पोकळ, आणि ज्या खांबाला आक्का रोज टेकते तो एका बोल्टावर उभा होता. वर्कशॉपमधून बोल्ट आणून त्या खांबाला चारही खरे लावले, घाईत दोन नट पाण्यात पडले. पण बाकीच्या खांबांचं काय? ज्यांनी लिहिलं त्यांनी दोन लावले. ज्यांनी लिहिलं नाही त्यांनी किती लावले? बघून कळत नाही. मीच शिकवलं ना त्यांना, बघून कळू नये असं. एकेक चाचपायला लागलो की येणारेजाणारे थांबून बघतात.

पालिकेच्या कचेरीत गेलो. पूल सांभाळणाऱ्या साहेबांना सांगितलं की कठडा धोक्याचा आहे. त्यांनी संगणकात बघितलं आणि म्हणाले, मागच्याच महिन्यात तपासणी झाली, एकही बोल्ट गायब नाही. बरोबर आहे. भोक भरलेलं दिसलं की तपासणारा पुढे जातो. मग त्यांनी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? माझा बोल्ट माझ्या खिशात होता, हातही खिशात होता. पोलीस डोळ्यांपुढे आले, नोकरी आली, वर्कशॉपच्या लेथवर केलेलं काम आलं. म्हणालो, सहज वाटलं. आणि घरी आलो. माझ्याइतका भेकड माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आक्काला म्हणालो, काही दिवस मोठ्या रस्त्याने जा. ती म्हणाली, माझ्या गुडघ्याने एवढा वळसा तू घालणार का? तेव्हापासून रोज तिच्याबरोबर जातो आणि कठड्याच्या बाजूने मी चालतो. ती म्हणते, अचानक एवढी माया कुठून आली.

जागा काढ. आजच काढ. कोणी कुठे काय लावलंय ते विचार. आणि ते रविवारचं थांबव, मी पाया पडतो.

मामा


९ मार्च, कुरिअरने

मामा,

पत्र मिळाल्या क्षणी जागा काढली. मग बसून सगळे शेरे पहिल्यापासून वाचले, या वेळी तुझ्या डोळ्यांनी. पान्याने किती बोल्ट उघडले हे लोकांनी कौतुकाने लिहिलंय आणि मी ते कौतुकानेच वाचत होते.

मी सगळ्यांना कळवलं. तिघांनी कबूल केलं की त्यांनीही पोकळ बोल्ट लावलेत, पण नेमके कुठे ते एकालाच आठवतं, पलीकडून दुसऱ्या खांबाला. बाकीच्यांचं उत्तर नाही. रविवारचा बेतही माझ्या हातात राहिला नाही, त्यांनी आपला वेगळा गट केलाय आणि आकडे सगळ्यांकडे आहेत. जागा काढली तर त्यांना वाटतंय, भागूबाई खेळ अजून अवघड करतायत. तीस माणसं फोटोसाठी एका कठड्याला टेकून उभी राहतील, मामा. मला तेच दिसतंय.

मी निघाले असते, पण वॉर्डातल्या दोघी आजारी आहेत आणि सुट्टी मिळत नाही. परवा फोन केला तेव्हा तू नुसता "हो, बरं, हो" करत होतास, म्हणजे आई समोर होती. म्हणून काल तिलाच सांगितलं की पुलावरून जाऊ नकोस. ती म्हणाली, मामाने तुलाही बाधा केली वाटतं.

कचेरीत परत जा. बोल्ट टेबलावर ठेव, माझं नाव सांग, इशारा मी लिहिला तेही सांग. ऐकलं नाही तर रविवारी पूल अडव. कसा ते मला माहीत नाही. तुझी सगळी भीती आजवर फुकट गेली आणि मी प्रत्येक वेळी हसले. या वेळी तू खरा आहेस आणि मी इथून काहीच करू शकत नाही.

भिंगरी


२१ मार्च

पोरी,

अक्षर माझं आहे, कारण मामाचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये आहे. तो सांगेल ते मी लिहिणार नाही. मी बघितलं ते लिहिते. फोनवर तुला रडू आवरत नव्हतं, त्यामुळे नीट सांगता आलं नाही.

शुक्रवारी तो कचेरीत गेला होता म्हणे. साहेब रजेवर. दुसऱ्याने बोल्ट हातात घेऊन बघितला आणि सोमवारी या म्हणाला.

रविवारी सकाळी माझी कपडे वाळत घालायची दोरी गायब. दुकानाला निघाले तर ती पुलावर, दोन्ही टोकांना आडवी बांधलेली. अलीकडे हा उभा, हातात पाना, चेहरा पिठासारखा पांढरा. समोर पंचवीस-तीस माणसं. हा त्यांना सांगत होता की कठड्याचे बोल्ट खोटे आहेत, पुलावर जाऊ नका. आणि ती माणसं हसत होती. एक जण म्हणाला हाही भागूबाईंचाच डाव, आणि दोरीच्या गाठी चाचपून बघायला लागला. गाठीत काही लपवलंय का म्हणून. याचा आवाज आधीच बारीक, तो आणखी बारीक झाला.

मला दुकान उघडायचं होतं. मी म्हटलं, काय तमाशा आहे. तर म्हणाला, "आक्का, भागूबाई मी आहे."

मी म्हटलं, "ते मला जन्मापासून माहीत आहे. सरक."

आणि दोरीखालून वाकून पुलावर गेले. मागून तो हाका मारत होता, मी वळले नाही. पाल दिसली तरी हा खोली सोडतो, त्याचं किती ऐकायचं? मध्यावर पोचते न पोचते तोच गुडघा धरला. त्याने दुरुस्त केलेला खांब अजून चार पावलं पुढे होता. मी आपला हात लांब केला.

तेवढ्यात तो धावत आला. मला खांद्याने मागे लोटलं आणि माझ्या हाताआधी स्वतः त्या कठड्यावर अंगासकट आदळला. कठडा दार उघडावं तसा बाहेर उघडला. आवाजसुद्धा फारसा झाला नाही. हा कठड्याबरोबर खाली गेला. गॅलरीतून खाली न बघणारा माझा भाऊ.

पाणी कमरेएवढंच होतं, पण काठ दगडी आहे. त्या खेळणाऱ्यांतल्याच दोघांनी उड्या टाकून त्याला बाहेर काढलं. मनगट मोडलं, दोन बरगड्यांना तडा गेला. पाण्यात पडल्यावर तो वाचवा म्हणून ओरडत नव्हता. "आक्का, मागे हो" एवढंच पुन्हा पुन्हा ओरडत होता. मी मागेच होते. पुलावर बसले होते.

त्याच दिवशी पूल बंद झाला. पालिकेच्या माणसांनी सगळे बोल्ट काढले, घमेल्यात पोकळ वेगळे ठेवत गेले. घमेलं पुरलं नाही. मामाने पोलिसांना सगळं स्वतःहून सांगितलं, अडखळला नाही. चौकशी लागली आहे, नोकरीचं अजून ठरलेलं नाही. तुझा इशारा तू सांगणार म्हणालीस, तो सांगच.

दवाखान्यात मी त्याला एकच विचारलं. तुला भोक रिकामं दिसलं, तू जन्मभर बोल्ट करतोस, मग खरा एक का नाही बसवलास? तो म्हणाला, "सुचलंच नाही, आक्का. मला फक्त लपवायची जागा दिसली." मी त्याच खांबाला इतके दिवस टेकत होते, आणि तो शेजारी उभा राहून हसत होता. पुढे कठड्याच्या बाजूने चालतही तोच होता.

मी आजवर कशाला भ्यायले नाही, तुझे बाबा गेले तेव्हाही नाही. आता खुर्चीत बसताना आधी तिचा पाय हलवून बघते. दुकानातलं कपाट, शिलाई मशीनचं पायडल, सगळ्याला हात लावते. तुझ्याकडे सगळ्या जागांचे आकडे आहेत ना, ते मला पाठव. मी एकेक जाऊन बघणार आहे.

काल त्याला घरी आणला. जिन्यापाशी माझा हात सवयीने कठड्याकडे गेला आणि वाटेतच थांबला. तो मागून म्हणाला, "थांब, आधी मी बघतो." आणि माझ्या पुढे होऊन, एका हाताने प्रत्येक खांब धरून हलवत, तो एकेक पायरी वर गेला. बरगड्यांमुळे दर पायरीला थांबत होता.

त्याचा शेवटचा खांब होईपर्यंत मी खालीच उभी राहिले.

आई